टिकाऊ शाई आणि फिके रंग

कराडशेजारच्या मलकापुराहून पश्चिमेस कोयनेकडे निघालें कीं सह्याद्रींत हिरड्याचीं झाडें दिसूं लागतात. हिरड्याच्या काढ्यांत हिराकस घातला कीं काळी शाई होते, ही कृति आपल्याकडे जुनीच. दुसरी शाई काजळाची. पोथ्यांतील तांबडा रंग मात्र हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा.

फाउंटन पेन आलें नि काजळाची पंचाईत झाली; त्याचे कण बारीक वाटेंत अडकत. हिराकशी शाई चालली, पण लिहितांना ती इतकी फिकी उमटे कीं अक्षर धड दिसेना. हवा लागली म्हणजे मग काळवंडे. म्हणून तींत निळा रंग मिसळूं लागले. हीच ती ‘ब्लू-ब्लॅक’! मुंबईंत दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं शाईच्या पुड्या नि वड्या काढल्या. त्यांच्या ‘कॅमल’ शाईवरूनच पुढें ‘कॅमलिन’ हें नांव आलें.

आतां कोणी हौशी गृहस्थ अशा टिकाऊ शाईंत पाणी नि गुलाबी रंग घालून नाजूक जांभळी छटा साधूं पाहतो. साधतेही. परंतु वरचा रंग कालांतरानें विटतो, आणि खालचें लोखंड करडें होऊन उरतें. प्रेमपत्राचें हिशेबपत्र झालें म्हणा ना! शिवाय ही शाई आम्लामुळें पातळ राहते. आम्ल कमी पडलें कीं गाळ बसतो. रंगकणांच्या आधुनिक शायांत फिकी छटा अधिक टिकते, पण तेथेंही एकाच कारखान्याच्या शाया घ्याव्या. मिश्रण आधीं कांचेच्या बाटलींत चार दिवस ठेवावें, पेनांत मागाहून.