पाच मिलिमीटरचा घोळ

लहानपणी दिवाळीत माझ्याकडे टिकल्यांचं पत्र्याचं पिस्तूल होतं. खटका दाबला की ते मधोमध उघडायचं. आत टिकल्यांचा रोल बसवायचा, मिटायचं आणि ठो! पुढे जुन्या शस्त्रांबद्दल वाचायचा नाद लागला, तेव्हा कळलं की असंच मधोमध उघडणारं एक खरं रिव्हॉल्व्हर होतं आणि त्यानं अमेरिकी सैन्यात चांगलाच घोळ घातला होता.

१८७३ साली अमेरिकी सैन्यानं घोडदळासाठी कोल्टचं सहाबारी ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ घेतलं. गडी दणकट. पण सहा गोळ्या संपल्या की बाजूचं झाकण उघडा, दांडीनं एकेक रिकामी पुंगळी बाहेर ढकला, मग एकेक काडतूस भरा. तेही पळत्या घोड्यावर, लगाम सांभाळत!

दहाव्या घोडदळातल्या मेजर जॉर्ज स्कोफिल्डनं यावर तोड काढली. या पलटणीतले सैनिक कृष्णवर्णीय होते, अधिकारी गोरे. स्मिथ अँड वेसनचं मधोमध उघडणारं रिव्हॉल्व्हर आधीपासून होतंच. त्याचा नळीवरचा खटका स्कोफिल्डनं मागे, अंगठ्याजवळ आणला. आता एका हातानं खटका ओढून नळी मांडीवर दाबली की सहाही पुंगळ्या एकदम बाहेर! १८७५ मध्ये सैन्यानं हेही घेतलं.

पण त्याचं फिरतं सिलिंडर आखूड होतं. स्कोफिल्डचं आखूड काडतूस कोल्टमध्ये चालायचं. कोल्टचं लांब काडतूस स्कोफिल्डमध्ये शिरायचंच नाही. फरक जेमतेम पाच मिलिमीटरचा. मित्राचा चार्जर आपल्या फोनला लागत नाही, तसाच प्रकार. फक्त इथे जिवाशी गाठ. सैन्यानं दोन्हींसाठी आखूड काडतूस करून पाहिलं, तरी लांब काडतुसांचे साठे होतेच. शेवटी सुमारे नऊ हजार नग बनवून १८७७ मध्ये स्कोफिल्डचं उत्पादन थांबलं. कोल्ट मात्र १८९०च्या दशकापर्यंत सैन्यात टिकलं.

शस्त्रांचे शौकीन अजून वाद घालतात: २५ जून १८७६ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या सैनिकांकडे कोल्ट होती, स्कोफिल्ड असती तर ते वाचले असते का? मीही हा वाद चवीनं वाचायचो. समोर कोण होतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

समोर लकोटा आणि शायेन होते. ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख लकोटांचाच राहील, असा करार सरकारनं १८६८ साली केला होता. १८७४ मध्ये खुद्द कस्टरच्याच मोहिमेला तिथं सोनं सापडलं, आणि करार कागदावर राहिला.

कुठलं काडतूस कशात बसत नाही, हे मला तोंडपाठ होतं. करार कुणी मोडला, हे मात्र फार उशिरा वाचलं.