गुहाध्वनिकी
गुहाध्वनिकी : नैसर्गिक गुहा व भूमिगत पोकळ्या यांत ध्वनी कसा पसरतो, परावर्तित होतो व विरतो, याचा अभ्यास. ओबडधोबड भिंतींवर ध्वनी विखुरतो, तर अरुंद कोनाड्यांत विशिष्ट कंप्रतेच्या ध्वनीचे अनुस्पंदन होते. पुरातत्त्वविद्येत या अभ्यासाला महत्त्व आले ते पुराणाश्मयुगीन गुहाचित्रांमुळे. फ्रान्सच्या आर्येझ भागातील न्यो, ल पॉर्तेल इ. गुहांची पाहणी ईगॉर रेझ्निकॉफ व मीशेल दोव्हा यांनी केली. स्वर लावीत गुहेतून चालावयाचे व तो जेथे घुमेल ती स्थळे नकाशावर नोंदवावयाची, ही त्यांची पद्धत. बहुतेक चित्रे अशा स्थळी वा त्यांच्या जवळपास आहेत, असा निष्कर्ष त्यांनी १९८८ मध्ये मांडला. त्यातून चित्रे व गायन एकाच विधीची अंगे असावीत, या कल्पनेला बळ मिळाले.

पुढे उत्तर स्पेनमधील ला गार्मा, एल कास्तीयो इ. पाच गुहांत उपकरणांनी मोजमापे घेऊन चित्रे असलेल्या व नसलेल्या जागांची तुलना करण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात चित्रे व ध्वनी यांचा संबंध आढळला, पण तो क्षीण होता. शिवाय सहस्रावधी वर्षांत गुहांची प्रवेशद्वारे व तळ बदलल्याने मूळचा ध्वनी आज तसाच ऐकू येतो, असे म्हणता येत नाही. फ्रान्समधील मार्सूला गुहेत १९३१ मध्ये सापडलेला, सुमारे १८,००० वर्षांपूर्वीचा शंख मुद्दाम घडविलेले वाद्य असल्याचे २०२१ मध्ये दाखविण्यात आले. गुहावासीयांना नादाची जाण होती, हे त्यावरून दिसते. चित्रांची जागा नादाने ठरविली, हे मात्र त्याने सिद्ध होत नाही.