नाव 'अधलंमधलं', काम मात्र पक्कं
एकोणिसाव्या शतकात जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांनी मूत्रमार्गाच्या अस्तराला 'ट्रान्झिशनल' म्हटलं. म्हणजे चपट्या आणि उंच पेशींच्या मधलं, अधलंमधलं. नाव पडलं की आपण पाहणं थांबवतो, आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची तर ही जुनी खोड! सगळ्यांत वरच्या, छत्रीसारख्या मोठ्या पेशी साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत होत्या. पण मूत्र आत झिरपत का नाही? उत्तर दिसणं शक्यच नव्हतं. ते होतं सुमारे 12 नॅनोमीटर जाडीच्या पटलात, आणि त्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा साधारण 200.

1965 साली मेरियन हिक्स यांनी उंदराच्या मूत्रवाहिनीचं अस्तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. पेशीपटलाचे दोन पदर एरवी सारखे दिसतात. इथे बाहेरचा पदर जाड! तसंच पटल पेशीच्या आतल्या चपट्या, चातीसारख्या पिशव्यांनाही होतं. मूत्राशय भरू लागला की या पिशव्या पृष्ठभागाला जाऊन मिळतात आणि छत्री रुंदावते, हे पुढे उलगडत गेलं. पटलातली युरोप्लाकिन प्रथिनंही नंतर सापडली.

म्हणजे हे अस्तर मधलं वगैरे नाही, स्वतंत्रच आहे बरं का. त्याच्या कर्करोगाला डॉक्टर आता 'युरोथेलियल' म्हणतात. पाठ्यपुस्तकांत मात्र हेन्लेंचं नाव अजून मुक्कामाला आहे.