भर उन्हात दिवा कशाला?

नवी मुंबईच्या परिसरात वर्षातून दोनदा असा दिवस येतो, की भर दुपारी माणसाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते. १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर असतो. शाळेच्या पटांगणात काठी सरळ उभी करा. तिची सावली दिसणार नाही. पण त्याच वेळी शेजारच्या माणसाच्या तोंडाकडे बघा. भुवयांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली काळोख साचलेला असतो. डोक्याला फेटा असला तर डोळे सापडतच नाहीत!

आपली नजर चतुर आहे. ऊन आणि सावली ती एकदमच सांभाळून घेते. कॅमेऱ्याला ते तितके साधत नाही. धोतराचा पांढरेपणा राखावा, तर चेहरा काळवंडतो. चेहरा उजळावा, तर धोतराचा नुसता पांढरा डाग होतो. छायाचित्रकला आपल्याकडे आली तेव्हापासून ही अडचण तिच्या पाठीशी लागली.

मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या पहिल्या पिढीतले नामवंत छायाचित्रकार. त्या काळी काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, म्हणून ऊन हवे. पण ते थेट तोंडावर नको. मग पांढऱ्या पडद्यातून गाळलेला उजेड घ्यायचा, नाहीतर माणसाला सावलीत बसवायचे. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची चित्रे १८६३ आणि १८६६ साली ग्रंथरूपाने काढली. त्यांत माणसे वेगळी टिपून त्यांच्यामागे दुसरेच देखावे जोडलेले आहेत. माणूस आणि त्याची जागा एकत्र दिसावी, एवढ्यासाठी केवढा हा खटाटोप!

सावली उजळण्याचा सोपा उपाय मात्र निसर्गातच होता. बेलापूर, पनवेल, उरण या पट्ट्यातली मिठागरे आठवा. पांढऱ्या मिठावर पडलेले ऊन उलटे वर येते आणि काम करणाऱ्याचा चेहरा खालून उजळतो. भाताच्या हिरव्या खाचरात तसे होत नाही. चुन्याची भिंत, पांढरी चादर हीसुद्धा मिठाचेच काम करतात. चित्रपटवाले चांदीचा कागद लावलेल्या फळ्या धरतात, त्यातले तत्त्वही हेच.

दुसरा उपाय म्हणजे माणसाने केलेला उजेड. १८८७ साली जर्मनीत मिटे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी पेटवून क्षणात लख्ख उजेड पाडला. पण धूर फार, शिवाय भाजण्याची भीती. १९२९ च्या सुमारास जर्मनीतच काचेचा बंद गोळा आला. धूर गेला; पण दर फोटोला एक गोळा खर्ची पडे. सूर्य फुकट तळपत असताना असा गोळा कोण जाळणार? पुढे १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी पुन्हा पुन्हा चमकणारा विजेचा फ्लॅश उपयोगात आणला. तो हळूहळू स्वस्त झाला, आणि दिवसा दिवा लावणे परवडू लागले.

त्यात हिशेब आहे, तो शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावा. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा उजेड चौथाई होतो. समजा, फ्लॅशचा गाइड नंबर ३२ आहे आणि भिंगाचे छिद्र १६ वर आहे. ३२ भागिले १६, म्हणजे २ मीटरवर फ्लॅशचा उजेड पुरा पडतो. आपल्याला पुरा नको, निम्मा हवा; सूर्याने करायचे ते सूर्यालाच करू द्यावे. म्हणून पावणेतीन मीटरच्या थोडे पलीकडे उभे राहावे. शटर कमीजास्त केले, तर सूर्याचा उजेड कमीजास्त होतो; फ्लॅश क्षणात चमकून जातो, त्याला त्याचा फरक पडत नाही. मात्र शटर फार वेगाने चालवले, तर कित्येक कॅमेऱ्यांत चित्राचा काही भाग काळा राहतो.

आता कोणी म्हणेल, एवढे सायास कशाला? तर त्याचे कारण सांगतो. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. आज जिथे इमारती आहेत, तिथे एके काळी खाचरे आणि मिठागरे होती. अशा घरात भिंतीवर आजोबांचा शेतात काढलेला एखादाच फोटो असेल, तर त्या शेताची आणि आजोबांची तेवढीच खूण राहते. त्यात आभाळ स्वच्छ दिसावे आणि आजोबांचे डोळे तेवढे दिसू नयेत, हे काही बरे नव्हे. कष्टकरी माणूस कामावर भेटतो तो भर उन्हातच. सकाळच्या कोवळ्या किरणांची वाट पाहत बसले, तर त्याचा कामावरचा फोटो निघायचाच नाही.

आज बहुतेकांच्या खिशात फोन आहे आणि त्यात लहानसा दिवाही आहे. उन्हात तो दूरवर पुरत नाही. माणूस हातभर अंतरावर असेल तरच थोडाफार कामी येतो. नाहीतर दोन पोरांना पांढरी चादर धरायला सांगा आणि उन्हाचा कवडसा तोंडावर वळवा. गुरुजींनी हा प्रयोग वर्गाबाहेर करून पाहावा: एक फोटो चादरीशिवाय, एक चादरीसह. दोन्ही शेजारी ठेवले, की मुलांना निराळे काही सांगावे लागणार नाही. मग त्यांना घरी पाठवावे, आणि आजी-आजोबांचा एकेक फोटो काढून आणायला सांगावे. त्यात डोळे मात्र दिसले पाहिजेत.