लस टोचली, पण उठली नाही



मागील उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी मला भेटावयास आली. ती आपल्या हैदराबादेतील एका रुग्णालयात परिचारिका आहे. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत अशा रोग्यांचे रक्त यंत्राने शुद्ध करतात, त्या डायलिसिस विभागात तिची नेमणूक असते. चहा होईपर्यंत ती काही बोलली नाही. मग पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवीत म्हणाली, “बाई, मी नापास झाले.”

तो कागद रक्ततपासणीचा होता. हिपॅटायटीस बी, म्हणजे ‘ब’ प्रकारची कावीळ, या रोगावरील लसीच्या तीनही मात्रा तिने वेळच्या वेळी घेतल्या होत्या. रक्तात प्रतिपिंडांची निदान 10 एकके आढळावीत अशी अपेक्षा असते. तिच्या रक्तात मोजण्याजोगे काहीच आढळले नव्हते. ही गोष्ट तिने बरोबरीच्या परिचारिकांपासूनही लपविली होती. तिच्या त्या ‘नापास’ शब्दाने मी अस्वस्थ झाले, आणि म्हणूनच आज आपणांपुढे लसीच्या इतिहासाचे हे एक पान उलगडीत आहे.

लस टोचली आणि ती लागू पडली नाही, ही गोष्ट लसीइतकीच जुनी आहे. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वी झालेली ही पहिली लस. बगदाद आणि बसरा या वाटेने आलेली ती लस पुढे पुणे, सुरत, मद्रास आणि आपले हैदराबाद येथवर पोचली. त्या काळी बर्फाच्या पेट्या नव्हत्या. लस एका दंडावरून दुसऱ्या दंडावर, अशी माणसांच्या अंगातूनच न्यावी लागे. म्हणून टोचल्यानंतर सुमारे आठव्या दिवशी दंड पाहणे अगत्याचे असे. फोड उठला असेल तर त्यातील द्रव पुढच्यास टोचावयाचा; उठला नसेल तर त्याच मुलास पुन्हा टोचावयाचे. लसीचे यश उघड्या डोळ्यांना दिसत होते, आणि अपयशही. त्या अपयशावर उपायही साधाच होता.

पुढे 1896 साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागातील रोग्यांत तो प्रथम ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने. त्यावर डॉ. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली, आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगी टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील जे बंदी स्वखुशीने पुढे आले, त्यांना ती देण्यात आली. परंतु येथे देवीसारखा फोड उठत नसे. ताप येई, दंड सुजे. मात्र एवढ्यावरून अमक्याचे रक्षण झाले असे म्हणता येत नसे. हाफकिन यांनी मोजली ती माणसे: टोचलेल्यांत किती आजारी पडले, न टोचलेल्यांत किती. टोचलेल्यांत रोग आणि मृत्यू पुष्कळच कमी आढळले. पण ते शून्यावर आले नाहीत. म्हणजे लसीने समूहास दिलासा दिला, परंतु त्यातील एकेकट्यास हमी दिली नाही.

हाफकिन यांनी स्वतःस टोचून घेतल्यास बरोबर दोन महिने होत होते, त्या दिवशी, 10 मार्च 1897 रोजी, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात देह ठेवला. रोग्याच्या उशाशी बसणारास काय द्यावे लागते, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले. त्यानंतर लस टोचून शुश्रूषेस उभे राहिलेल्यांपाशीही ती आपल्याला लागू पडली की नाही हे सांगणारा कागद नव्हता. म्हणून विलगीकरण आणि स्वच्छता यांचा आधार कोणी सोडू शकत नव्हते. आपल्या नल्लाकुंट्यातील फीव्हर हॉस्पिटलला जुनी माणसे अजून ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. ‘क्वारंटाइन’चे हे दख्खनी रूप त्याच शहाणपणाची खूण म्हणावयाची.

आता या काविळीकडे वळू. हिचा विषाणू शोधून काढणाऱ्या डॉ. ब्लुमबर्ग यांना 1976 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 1981 साली अमेरिकेत पहिली लस आली. ती रोगवाहकांच्या रक्तद्रवापासून करीत. 1986 साली यीस्टच्या पेशींत तयार केलेली नवी लस आली. पण तिची किंमत आपल्याकडील सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. तेव्हा या हैदराबादेत वरप्रसाद रेड्डी या अभियंत्याने 1993 साली एक संस्था काढली, तिला आपल्या आईच्या नावावरून ‘शांता’ हे नाव दिले, आणि 1997 साली भारतात सिद्ध झालेली अशा प्रकारची पहिली लस बाजारात आणली. तिने ही लस पुष्कळच स्वस्त झाली.

या लसीची एक विशेषता अशी, की तिचा परिणाम एकेका माणसाच्या रक्तात मोजता येतो. शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी तपासणी करावी. 10 एकके वा अधिक प्रतिपिंडे दिसली की रक्षण झाले असे समजतात. पुढे वर्षानुवर्षांनी तो आकडा घसरला तरी शरीराची स्मृती टिकते. परंतु जो आकडा मुळात वर चढलाच नाही, त्याची गोष्ट निराळी. निरोगी प्रौढांपैकी शंभरांत पाच ते दहा जणांचे असे होते. वय चाळिशीपुढे असणे, स्थूलपणा, धूम्रपान ही त्याची काही कारणे. काहींच्या बाबतीत तो जन्मतः मिळालेल्या पिंडाचाच भाग असतो. यात गुन्हा कोणता आणि लाज कसली?

मात्र धोका खरा आहे. ज्याला संरक्षण नाही अशास रोग्याच्या रक्ताने भरलेली सुई टोचली, तर शंभरांत सहापासून तीसपर्यंत जणांना या विषाणूची बाधा होऊ शकते. वाळलेल्या रक्तातही तो निदान सात दिवस तग धरतो. म्हणून शास्त्राने वाट आखून दिली आहे. प्रथम लसीची दुसरी फेरी घ्यावी. अनेकांना ती लागू पडते. तीही फळली नाही, तर हा विषाणू आधीच शरीरात ठाण मांडून बसला आहे काय हे पाहावे. तसे नसेल तर त्या व्यक्तीने खुशाल काम करावे. पण सुई टोचल्यास जागा साबणपाण्याने धुऊन तत्काळ वरिष्ठांना कळवावे. मग तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, शक्यतो चोवीस तासांच्या आत, आणि महिन्याने पुन्हा एकदा देतात. ज्याने आपला आकडा लपविला, त्याचे हे चोवीस तास वाया जातात. लाजेची किंमत ती एवढी.

माझ्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या फेरीचा निकालही पहिल्यासारखाच आला. परंतु या वेळी तिने तो विभागाच्या मुख्य परिचारिकेस दाखविला, आणि तिची नोंद झाली. ती त्याच विभागात काम करते. तेथील वापरलेल्या सुयांचा डबा तीन चतुर्थांश भरताच बदलला जातो की नाही, याकडे आता सगळ्याजणी लक्ष ठेवतात. हातमोजे आणि तो डबा कोणाचा आकडा विचारीत नाहीत. ते सर्वांचेच रक्षण करतात.

16 जानेवारी 2021 रोजी कोविडची लस आपल्या राज्यात टोचण्यास प्रारंभ झाला, तेव्हा सिकंदराबादच्या गांधी हॉस्पिटलात पहिली मात्रा एका सफाई कामगार स्त्रीस देण्यात आली. तो मान योग्य जागी गेला. कारण परिचारिकेपाशी निदान तपासणीचा कागद तरी असतो. कचऱ्यातील सुई ज्यांच्या हाती लागते, आणि रक्ताने माखलेल्या चादरी जे धुतात, त्यांच्यापैकी कितीजणांना तीन मात्रा मिळाल्या आणि कितीजणांची तपासणी झाली, हे कोणी विचारीत नाही. आपल्या ओळखीच्या रुग्णालयात हा प्रश्न आपण विचारावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.