चकतीभोवतीचे वलय

२ ऑगस्ट १९५४ रोजी आपला वासोणा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढल्या वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आमच्या वडीलधाऱ्यांचा त्या औषधावर स्वातंत्र्याइतकाच विश्वास होता. वास्तविक पेनिसिलिन बाजारात येण्यापूर्वीच, १९४० साली, ऑक्सफर्डच्या अब्राहम व चेन यांनी ते निकामी करणारे द्रव्य जिवाणूंत दाखवून दिले होते.

औषध लागू पडेल की नाही, हे पाहण्याची रीत मोठी साधी आहे. रुग्णाच्या लघवीतून अथवा पुवातून वाढवलेले जिवाणू आगराच्या बशीवर सर्वत्र सारवतात, त्यावर औषध मुरवलेल्या कागदी चकत्या ठेवतात आणि बशी रात्रभर शरीराच्या उबेत राखतात. औषध प्रभावी असेल तर चकतीभोवती स्वच्छ वलय पडते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा. १९६६ मध्ये सिॲटलच्या बाउअर, कर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कृतीला प्रमाणित रूप दिले, तेव्हापासून एका प्रयोगशाळेचे माप दुसरीत चालू लागले. जमीन मोजणीचे तंटे ज्याने पाहिले आहेत, त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

तथापि वलयही फसवते. कार्बापेनेम या राखीव औषधांना मोडून टाकणारा जिवाणू काही वेळा नुसत्या वलयावरून ओळखू येत नाही. त्यासाठी हॉज यांच्या चाचणीचा सुधारित प्रकार वापरीत. बशीवर निरुपद्रवी, औषधाला बळी पडणारा जिवाणू सारवायचा, मध्ये कार्बापेनेमची चकती ठेवायची आणि तिच्या कडेपासून संशयिताची रेघ ओढायची. संशयित औषध मोडीत असेल, तर त्याच्या आश्रयाने शेजारचा दुर्बळ जिवाणूही चकतीकडे वाढत जातो व गोल वलयाला खाच पडते. एनडीएम-१ च्या बाबतीत ही चाचणी कधीकधी चुके, म्हणून पुढे ती मागे पडली.

या एनडीएम-१ ची कथा मुंबईशी जोडलेली आहे. २००८ साली भारतातून परतलेल्या एका स्वीडिश रुग्णात तो प्रथम आढळला व नाव पडले नवी दिल्लीचे. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जिवाणू तपासले. त्यांपैकी २२ जिवाणूंत एनडीएम-१ निघाला. डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज व सहकाऱ्यांचा हा निबंध मार्च २०१० मध्ये भारतीय वैद्यांच्याच नियतकालिकात छापून आला. गदारोळ मात्र ऑगस्टमध्ये झाला, लंडनच्या 'लॅन्सेट'ने लिहिल्यावर, आणि तोही प्रामुख्याने नावावरून! आपल्या राजधानीची बदनामी झाली, हे दुःख खरे. परंतु २४ पैकी २२ या आकड्याने आपण अधिक अस्वस्थ व्हायला हवे होते, असे मला वाटते.

शासनाचे पाऊल कालांतराने पडले. १ मार्च २०१४ पासून कार्बापेनेमसह काही औषधे एच-१ या नव्या अनुसूचीत गेली आणि औषध विक्रेत्याला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपण्याचे बंधन आले.