प्रवाशांच्या नोंदींतील खिचडी

जे अन्न सर्वजण रोज खातात त्याची नोंद सहसा कोणी करून ठेवीत नाही. धर्मशास्त्रकार भक्ष्याभक्ष्याचा विचार करतात, वैद्य पथ्यापथ्य सांगतात, दरबारी लेखक मेजवान्यांची वर्णने करतात. परंतु सामान्य माणसाच्या न्याहारीत किंवा रात्रीच्या जेवणात काय असे, हे पाहण्यासाठी बहुधा प्रवाशाच्या लेखणीकडेच वळावे लागते. स्थानिकास जे सांगण्याजोगे वाटत नाही, नेमके तेच परक्यास नवे वाटते. खिचडीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

मोरोक्कोतील तांजियर येथील इब्न बतूता इ. स. १३३३ मध्ये सिंधूतीरी आला. मूग तांदळाबरोबर शिजवून त्यावर तूप घालून लोक खातात, या अन्नास ते ‘किश्री’ म्हणतात व रोज सकाळी त्याचीच न्याहारी करतात, असे तो लिहितो. आपल्या देशातील ‘हरीरा’शी तो तिची तुलना करतो. मुलतानहून दिल्लीस जाताना राजाज्ञेने जी जेवणे मिळाली, त्यांचेही वर्णन त्याने केले आहे. त्यात बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा व मसाला घातलेल्या खिम्याचे, तुपात तळलेले समोसे आहेत. प्रत्येकापुढे चार-पाच ठेवीत. समोसा पाहुण्याच्या ताटात येतो आणि खिचडी लोकांच्या रोजच्या जेवणात, हा भेद त्याच्या नोंदींतूनच स्पष्ट होतो. भाताविषयी त्यास विशेष प्रेम होते असेही नाही. दक्षिणेचा किनारा, मालदीव व सिंहलद्वीप येथे तीन वर्षे भातच खावा लागल्याने अखेरीस तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळावा लागे, अशी कबुली त्याने दिली आहे. अशा साक्षीदाराची साक्ष अधिक विश्वसनीय मानावयास हरकत नाही.

नंदुरबारच्या मराठ्यांविषयी लिहिताना मात्र तो भात, भाजीपाला व तिळाचे तेल एवढाच आहार सांगतो. खिचडीचा उल्लेख तेथे नाही. या मौनावरून काही सिद्ध होत नाही. सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांनी, बहमनी राज्यात आलेल्या अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याच्या टिपणांत ती आढळते, आणि तीही प्रथम घोड्यांच्या खुराकात. चौलवरून तो जुन्नरला गेला व पावसाळा त्याने तेथे काढला. तेथे घोड्यांना हरभरे घालतात, तसेच साखर व स्निग्ध पदार्थ घालून शिजविलेली खिचडी देतात, असे तो लिहितो. निकितिन विक्रीसाठी घोडा घेऊन आला होता. त्यामुळे घोड्याच्या तोबऱ्यात काय पडते, हे इतर कोणाही प्रवाशापेक्षा त्याने बारकाईने पाहिले यात नवल नाही. माणसांच्या आहारातही तो भात व तुपातील खिचडी सांगतो. लोक उजव्या हाताने जेवतात, सुरी बाळगीत नाहीत, चमचा त्यांना ठाऊक नाही. आणि वाटेवर प्रत्येकजण आपले अन्न आपणच शिजवितो, कारण प्रत्येकाजवळ स्वतःचे भांडे असते.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. परहस्ताचे अन्न वर्ज्य मानणाऱ्या समाजात प्रवास करणे म्हणजे चूल बरोबर नेणे होय. भाकरीला पीठ, परात व तवा हवा; पक्वान्नाची तर गोष्टच नको. तांदूळ व डाळ मात्र कोरडी राहतात, एका फडक्यात बांधता येतात, तीन दगडांच्या चुलीवर एकाच भांड्यात शिजतात. खिचडीचा प्रसार इतका सर्वदूर का झाला, याचे एक कारण रुचीपेक्षा वाटेच्या या गरजेत शोधावे लागेल.

सतराव्या शतकात हीच खिचडी दोन टोकांना दिसते. इ. स. १६१७-१८ च्या गुजरातच्या स्वारीत जहांगीर बादशहाने बाजरीची खिचडी प्रथमच खाल्ली. ती त्यास मानवली, व मांस वर्ज्य असलेल्या दिवशी ती वरचेवर आणावी, अशी आज्ञा केल्याचे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्याच सुमारास आग्र्यास असलेला डच व्यापारी फ्रान्सिस्को पेल्सार्ट मजुरांविषयी लिहितो की, हिरवे मूग व तांदूळ पाणी आटेपर्यंत शिजवून केलेली थोडीशी खिचडी ते संध्याकाळी लोण्याबरोबर गरम गरम खातात. दिवसा भाजलेले दाणे चघळतात. बादशहाच्या दृष्टीने जे व्रताच्या दिवसाचे वैचित्र्य, ते मजुराचे दिवसातील एकमेव गरम अन्न.

परंतु दोघांची खिचडी एकच होती काय? सुदैवाने येथे आकडे उपलब्ध आहेत. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त शाही मुदपाकखान्यातील खिचडीचे प्रमाण दिले आहे : तांदूळ, डाळ व तूप प्रत्येकी ५ शेर, मीठ एक तृतीयांश शेर; एवढ्यात ७ थाळ्या होत. तूप तांदळाइतकेच! त्याच ग्रंथात तुपाचा भाव मणास १०५ दाम व गव्हाचा १२ दाम आहे. मण ४० शेरांचा धरला तर ५ शेर तुपास तेरा दामांहून थोडे अधिक पडतात, म्हणजे एका थाळीतील तुपासच पावणेदोन ते दोन दाम. दुसऱ्या प्रतीच्या पाणक्याची दिवसाची मजुरी २ दाम होती. त्याच्या एका दिवसाच्या कमाईत शाही खिचडीचे तूप जेमतेम आले असते. तांदूळ, डाळ व सरपण वेगळेच. हे भाव अकबराच्या अखेरच्या काळातील असून पेल्सार्टची साक्ष त्यानंतर सुमारे तीस वर्षांची आहे, हे खरे. तथापि हे अंतर थोड्याफार फरकाने पुसले जाईल असे नाही. पेल्सार्टचा मजूरही लोणी खातो, हे वाचून त्या काळच्या सुबत्तेचे गोडवे गाणाऱ्यांनी किती लोणी हा प्रश्न विचारावयास हवा होता. पेल्सार्टने ते सांगितलेले नाही. त्याचा एकंदर सूर मात्र दैन्याचाच आहे.

नावाच्या सातत्यावर विसंबण्यातही धोका आहे. ‘खिचडी’चे मूळ जो ‘कृसर’ शब्द, त्याचा जुना अर्थ तीळ घालून शिजविलेला भात असा आहे, डाळ नंतरची. उलट महाराष्ट्रात उपवासास चालणाऱ्या साबुदाण्याच्या खिचडीत तांदूळही नाही आणि डाळही नाही. जो आहे तो अमेरिकेतून आलेल्या कंदाचा साबुदाणा, अमेरिकेतूनच आलेली मिरची व तिकडचाच शेंगदाणा. इंग्रजांनी तर ‘केजरी’ या नावाखाली त्यात मासा व अंडे घातले. यूल व बर्नेल यांनी १८८६ च्या आपल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात या प्रकारावर आक्षेप घेतला आहे : इंग्लंडात न्याहारीच्या वेळी पुन्हा शिजविलेल्या माशाच्या काल्यास हे नाव देतात, ते चूक आहे; मासा खिचडीबरोबर खातात, पण तो खिचडीचा भाग नव्हे.